जागे करण्याचा क्रम



लखनौ शहराच्या दक्षिणेला, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वृंदावन योजना नावाची मोठी वसाहत आहे. उत्तर प्रदेशच्या आवास विकास परिषदेने ती आखून वसवली. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था तिथून जवळच आहे. एरवी सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीचे नाव फेब्रुवारी २०२० मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्या महिन्याच्या ५ ते ९ तारखांना सेक्टर १५ मधील मैदानावर ‘डिफेक्स्पो’ हे संरक्षण सामग्रीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. लखनौला हा मान प्रथमच मिळाला. एक हजाराहून अधिक देशी-परदेशी प्रदर्शक आले. मोकळ्या मैदानावर पाच दिवसांचे एक नगरच उभे राहिले, आणि काही प्रात्यक्षिके गोमतीच्या काठावरही झाली.

प्रदर्शनातील यंत्रे नेहमी जागी असतात. पडदे उजळलेले, दिवे लुकलुकणारे, कळ दाबताच उत्तर देणारी. प्रेक्षकांसाठी दरवाजे उघडण्यापूर्वी त्यांना कोणीतरी जागे केलेले असते. कोणत्या भागाला आधी वीज मिळाली, कोण कोणासाठी थांबले, पहिल्या प्रयत्नात कोण उठलेच नाही, हे प्रेक्षकाला कधी दिसत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हा न दिसणारा भाग आहे: यंत्र झोपते कसे, उठते कसे, आणि त्याला उठवण्याची व्यवस्था लावणाऱ्या चार ओळींचा क्रम चुकला तर काय अनर्थ होतो. हीरक महोत्सवाच्या व्यासपीठासाठी हा विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. पण सभागृहातील बहुतेकांच्या खिशात असे यंत्र या क्षणी अर्धवट झोपेत पहुडलेले आहे, एवढे लक्षात घेतले तर तो परका राहणार नाही.

प्रथम एका शब्दाचा उलगडा. संगणकाच्या परिभाषेत ‘ड्रायव्हर’ म्हणजे वाहन हाकणारा नव्हे. उपमा द्यायची तर माहुताची द्यावी. राजाला हत्तीची भाषा येत नाही. ती माहुताला येते. राजाने ‘पुढे चला’ म्हणावे आणि माहुताने ते हत्तीच्या कानामागे पायाच्या बोटाने सांगावे, अशी ती व्यवस्था. संगणकातील कार्यप्रणाली ही राजा; कॅमेरा, ध्वनियंत्र, वाय-फायची चकती, स्पर्शपटल हे हत्ती; आणि प्रत्येक हत्तीमागे त्याची भाषा जाणणारी एक लहानशी आज्ञावली, तो ड्रायव्हर. हत्तीला चालवणे हे माहुताचे अर्धेच काम. त्याला केव्हा बसवावे, केव्हा उठवावे, हे उरलेले अर्धे. बहुतेक चुका या दुसऱ्या अर्ध्या भागात होतात, कारण पहिल्या अर्ध्याची परीक्षा रोज होते आणि दुसऱ्याची क्वचित.

वीज वाचवण्याचा विचार संगणकाच्या जगात उशिरा आला. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्यासाठी पहिली सामाईक नियमावली केली. १९९६ साली तोशिबासह तिघांनी तिच्या जागी अधिक विस्तृत अशी दुसरी आणली. तोवर झोप म्हणजे सगळ्या संगणकाची एकदम झोप, अशीच मुख्य कल्पना होती. शाळा सुटल्यावर शिपायाने सर्व वर्गांचे पंखे बंद करत जावे, तशी. मोबाईल आला आणि एवढ्याने भागेना. शाळा भरलेली असतानाही जो वर्ग मैदानावर गेला आहे, त्याच्या खोलीतला पंखा त्या वेळेपुरता बंद झाला पाहिजे; मुले परतताच तो फिरू लागला पाहिजे; आणि यासाठी कोणी ओरडून सांगण्याची गरज पडू नये. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभलेल्या लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीत अशी व्यवस्था २००९ च्या डिसेंबरात आली. पोलंडचे राफाएल विसोत्स्की यांनी तिची मुख्य रचना केली. हार्वर्ड विद्यापीठाच्या रोलंड संस्थेतील ॲलन स्टर्न यांचाही तिच्या घडणीत आणि तिच्यावरील लेखनात वाटा आहे. ‘रनटाइम पीएम’ हे तिचे नाव. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असल्यामुळे भारतातल्या कोट्यवधी फोनांत हीच व्यवस्था चालते.

ही व्यवस्था म्हणजे एक हजेरीपट आहे. प्रत्येक उपकरणापुढे तीन गोष्टी मांडलेल्या असतात. ते जागे की झोपलेले, ही पहिली. सध्या किती जणांना ते हवे आहे, ही दुसरी. ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदीसारखी ती वाढते आणि घटते. त्याच्यावर अवलंबून असलेली किती उपकरणे जागी आहेत, ही तिसरी. ज्याला उपकरण वापरायचे त्याने आकडा एकाने वाढवायचा, काम झाले की एकाने उतरवायचा. आकडा शून्यावर आला की व्यवस्था उपकरणाला झोपवते, काही ठिकाणी लगेच, काही ठिकाणी थोडा वेळ थांबून. यूएसबीने जोडलेल्या वस्तूंसाठी लिनक्समध्ये ही मुदत मुळात २ सेकंदांची ठेवलेली आहे. मात्र ती पुष्कळशा वस्तूंना मागितल्याशिवाय लागू होत नाही, कारण झोपल्यावर न उठणाऱ्या वस्तू बाजारात कमी नाहीत.

पालकवर्गाला या व्यवस्थेतील एक नियम विशेष आवडेल. एका उपकरणाच्या आधाराने दुसरे चालत असेल, तर लिनक्सच्या दप्तरी पहिल्याला ‘पालक’ आणि दुसऱ्याला ‘अपत्य’ म्हणतात. अपत्याला उठवायचे असेल तर आधी पालकाने उठले पाहिजे. आणि एकही अपत्य जागे असेतोवर पालकाला झोपता येत नाही. अपत्याकडे दुर्लक्ष करण्याची सवलत पालकाला देणारी एक खूणही तिथे उपलब्ध आहे. ती जपून वापरावी, असा संकेत आहे.

आता मूळ दोषाकडे. हजेरीपट कितीही चोख असला, तरी पहिल्या दिवशी त्यात काय लिहिले जाते यावर पुढचे सारे अवलंबून असते. नवे उपकरण व्यवस्थेच्या यादीत दाखल होते, तेव्हा त्याच्यापुढे ‘झोपलेले’ अशीच नोंद आपोआप होते, आणि त्याच्यासाठी ही व्यवस्थाही तूर्त बंद असते. प्रत्यक्षात उपकरण जागे असू शकते. संगणक सुरू होताना मूळ आज्ञावलीने त्याला आधीच वीज दिलेली असेल, किंवा खुद्द माहुतानेच दाखल होता होता ते चालू केले असेल. व्यवस्थेला हे ठाऊक नसते. विसोत्स्की आणि स्टर्न यांच्या दस्तऐवजात हे स्पष्टपणे सांगितले आहे: आरंभीची नोंद ही प्रत्यक्ष स्थितीशी जुळेलच असे नाही, म्हणून उपकरण जागे असेल, तर व्यवस्था सुरू करण्यापूर्वी माहुताने ‘हे जागे आहे’ अशी नोंद स्वतः करावी. आधी नोंद दुरुस्त करायची, मग व्यवस्थेचे दार उघडायचे. क्रम एवढाच आहे.

तरीही तो चुकतो, आणि चुकला तर परिणाम दोन विरुद्ध दिशांनी होतात. एक परिणाम असा. माहुताने उपकरणाचे घड्याळ, म्हणजे त्याला ताल देणारी स्पंदने, चालू केली. पण नोंद ‘झोपलेले’ अशीच राहिली. पहिल्यांदा कोणी ते वापरायला मागितले, तेव्हा नोंदीवर विश्वास ठेवून व्यवस्थेने उठवण्याची आज्ञा दिली आणि माहुताने घड्याळ पुन्हा एकदा चालू केले. घड्याळाच्या हिशेबात दोन मागण्या जमा झाल्या. वापर संपल्यावर व्यवस्थेने एक मागणी परत घेतली. दुसरी तशीच राहिली, कायमची. पडद्यावर कोठेही चूक दिसत नाही, चित्र येते, आवाज येतो, सारे सुरळीत चालते. फक्त रात्रभर उशाशी ठेवलेला फोन सकाळी अर्धा रिकामा आढळतो आणि घरातले लोक बॅटरी जुनी झाली असे म्हणून दुकानाची वाट धरतात.

दुसरा परिणाम अधिक उग्र आहे. आजच्या चिपांमध्ये विजेचे विभाग असतात, वाड्याच्या चौकांसारखे. ज्या विभागातील सगळी उपकरणे नोंदीनुसार झोपलेली असतील, त्या विभागाची वीज तोडण्याचा अधिकार व्यवस्थेला असतो. नोंद खोटी असेल, तर जागे आणि कामात असलेले उपकरण क्षणात अंधारात जाते. माहुताला याची वार्ता नसते. तो हत्तीला पुढची आज्ञा देतो आणि उत्तराची वाट पाहत राहतो. काही प्रकारच्या चिपांवर असे झाले की सगळा संगणकच जागच्या जागी थिजतो. काही ठिकाणी याहून विचित्र प्रकार घडतो. पीसीआय या जातीचे उपकरण पुरते वीजहीन असताना त्याला काहीही विचारले, तरी उत्तरात द्विमान पद्धतीचे सर्वच्या सर्व एक मिळतात. तापमान किती, तर सर्व एक. तयार आहेस का, तर सर्व एक. वर्गात डुलकी लागलेला विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाला ‘हो बाई’ म्हणतो, त्याची आठवण यावी. अननुभवी माहूत हे उत्तर खरे धरतो, कारण ‘तयार आहेस का’ या प्रश्नाचे ‘हो’ त्यात आलेलेच असते. अनुभवी माणूस सर्व एक दिसताच आधी विचारतो, हे झोपेत तर बोलत नाही ना?

दुरुस्तीही म्हणूनच बाहेरून क्षुल्लक दिसते. एक ओळ दुसरीच्या वर नेलेली असते, किंवा विसरलेली एक ओळ घातलेली असते. पण ती कोठे घालावी हे कळण्यासाठी उठवण्याचा सगळा क्रम डोळ्यांपुढे उभा राहावा लागतो. आधी विजेचा दाब स्थिर व्हावा. मग घड्याळ सुरू व्हावे. मग उपकरणाला धरून ठेवणारी पुनःस्थापनेची कळ सोडावी. मग थोडे थांबावे. पीसीआयच्या उपकरणाला साध्या गाढ झोपेतून उठल्यावर १० सहस्रांश सेकंद द्यावेत असा दंडक आहे. त्यानंतरच त्याच्याशी पहिला शब्द बोलावा. तवा तापायच्या आत भाकरी टाकली की ती चिकटते. तव्याचा किंवा पिठाचा त्यात दोष नसतो.

या क्रमात दाराच्या घंटेचे स्थान नेमके ठरवावे लागते. उपकरणाला काही सांगायचे झाले की ते संगणकाला घंटा देते आणि माहूत धावतो. ही घंटा कधी कधी दोन-तीन उपकरणांत सामाईक असते. माहुताने ‘घंटा वाजली की मी येईन’ असे आधीच सांगून ठेवले आणि त्याचा हत्ती अजून उठलेलाच नसला, तर शेजाऱ्याच्या घंटेवर तो धावत येतो आणि झोपलेल्या हत्तीला प्रश्न विचारतो. हे दररोज होत नाही. महिन्यातून एकदा, एखाद्याच्याच यंत्रावर होते आणि प्रयोगशाळेत काही केल्या पुन्हा करून दाखवता येत नाही. म्हणून लिनक्समध्ये एक खोडकर सोय ठेवली आहे. ती चालू केली की सामाईक घंटेवरचे नाव काढून घेतले जात असताना व्यवस्था मुद्दाम एक खोटी घंटा वाजवून पाहते. माहूत तयार नसेल तर तिथल्या तिथे उघडा पडतो. अग्निशमनाची पूर्वसूचना न देता घेतलेली कवायत ज्या शाळांत होते, तिथल्या शिक्षकांना याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

यापुढचा भाग अपयशाच्या वाटेचा आहे आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो. आज्ञावली लिहिणारा यशाची वाट मनापासून लिहितो. उपकरण उठलेच नाही तर काय करायचे, ते शेवटी घाईने उरकतो. रनटाइम पीएमच्या मूळ रचनेत इथे एक खाच होती. उपकरण मागणारी जी प्रचलित आज्ञा होती, ती आधी वापराचा आकडा एकाने वाढवी आणि मग उठवण्याचा प्रयत्न करी. प्रयत्न फसला तरी वाढवलेला आकडा तसाच राही. मागणाऱ्याला साहजिक वाटे की वस्तू मिळालीच नाही, तर परत काय करायची? तो हात झटकून निघून जाई. ग्रंथालयात पुस्तक मिळाले नाही, पण नावावर मात्र ते चढले, असा हा प्रकार. एकेका ड्रायव्हरमध्ये ही चूक वर्षानुवर्षे नांदत होती. २०२० च्या अखेरीस एक नवी आज्ञा आणली गेली. प्रयत्न फसला तर ती वाढवलेला आकडा स्वतःच उतरवते. त्यानंतर कॅमेरे, दळणवळण, ध्वनी अशा अनेक शाखांतील ड्रायव्हर एकामागून एक तपासून दुरुस्त करण्यात आले. जुनी आज्ञा काढून टाकलेली नाही. आकडा वाढूनही चालणारी काही स्थळे आहेत, आणि चालत्या घराचा खांब एकाएकी काढता येत नाही.

हिशेब दुसऱ्या बाजूनेही चुकतो. दाखल होताना मधेच काही बिघडले आणि माहूत माघारी फिरला, तर जाताना त्याने व्यवस्थेचे उघडलेले दार बंद केले पाहिजे. ते विसरले, की पुढच्या वेळी दाखल होताना दार आधीच उघडे सापडते आणि व्यवस्था नोंदवहीत तक्रार लिहिते की दार उघडण्याचा हिशेब असंतुलित आहे. ही ओळ अनेकांच्या यंत्रांवर येते. यंत्र तरीही चालते, म्हणून पुष्कळजण तिच्याकडे पाहत नाहीत. ज्यांनी पाहिले त्यांनीच बहुतेक दुरुस्त्या केल्या आहेत. २०२१ पासून दार बंद करण्याचे काम व्यवस्थेकडेच सोपवण्याचीही सोय झाली.

दुरुस्ती सादर करण्याची रीत शाळेच्या दृष्टीने मननीय आहे. पाठवणाऱ्याने केवळ बदललेली ओळ पाठवून चालत नाही. काय बिघडत होते, का बिघडत होते, आणि हा बदल ते कसे थांबवतो, हे साध्या गद्यात लिहावे लागते. ज्या जुन्या बदलाने दोष आत आणला, त्याच्या ओळखखुणेची पहिली १२ अक्षरे आणि त्याचे शीर्षकही द्यावे लागते. त्या जुन्या बदलावर कोणाचे तरी नाव असते, पुष्कळदा दुरुस्ती करणाऱ्याचेच. ते लिहिण्यात कोणी कमीपणा मानत नाही. कोणत्या जुन्या आवृत्त्यांना ही दुरुस्ती पोचवायची, हे त्याच खुणेवरून ठरते. २००४ पासून प्रत्येक बदलाखाली आपले नाव घालून त्याचे उत्तरदायित्व स्वीकारण्याचीही प्रथा आहे. मग इतर जाणकार तो वाचतात, शंका काढतात, कधी परत पाठवतात. उत्तरपत्रिकेत उत्तर बरोबर असूनही रीत न लिहिल्याबद्दल गुण कापले की पालक नाराज होतात. या ठिकाणी रीत न लिहिलेले बरोबर उत्तर स्वीकारलेच जात नाही.

एवढ्याशा क्रमावर किती अवलंबून असू शकते, याचे देशातील ठळक उदाहरण पुन्हा लखनौपाशी येते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेतील अभियंता ऋतू करिधाल या लखनौच्या कन्या. लखनौ विद्यापीठातून भौतिकशास्त्र, नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिक्षण आणि १९९७ पासून अवकाश संस्थेत सेवा. मंगळयानाच्या त्या उपसंचालन संचालक होत्या. पुढे चांद्रयान-२ च्या मोहीम संचालक झाल्या. मंगळयानात यानाला स्वतःचे स्वतः सावरता यावे, या स्वयंनिर्णयाच्या व्यवस्थेवर त्यांचे काम होते. या व्यवस्थेची निकड समजण्यासाठी एक आकडा पुरे. यान मंगळाजवळ पोचले तेव्हा पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोचायला सुमारे १२ मिनिटे लागत होती. काही बिघडले असे कळायला १२ मिनिटे, आणि उपाय सांगायला आणखी १२. माहूत हत्तीच्या पाठीवर नव्हे, १२ मिनिटांच्या अंतरावर बसलेला.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी यानाने उड्डाण केले. डिसेंबरच्या आरंभी त्याच्या मुख्य इंजिनाने त्याला मंगळाच्या वाटेला लावले आणि ते इंजिन झोपले. सुमारे ३०० दिवस ते झोपून होते. २४ सप्टेंबर २०१४ ला ते उठलेच पाहिजे होते, सुमारे २४ मिनिटे सलग जळलेच पाहिजे होते. अन्यथा यान मंगळाला ओलांडून निघून गेले असते. त्यातही जळण चालू असतानाच यान मंगळाच्या आड जाणार होते, म्हणजे त्या काळात संपर्कच नाही. म्हणून सगळ्या आज्ञा आधीच क्रमवार यानावर चढवून ठेवण्यात आल्या. अपयशाची वाटही लिहून ठेवली होती: मुख्य इंजिन उठले नाही, तर ८ लहान इंजिनांनी भार उचलायचा. आणि २२ सप्टेंबरला, प्रत्यक्ष प्रसंगाच्या दोन दिवस आधी, झोपलेल्या इंजिनाला सुमारे ४ सेकंदांसाठी उठवून पाहिले. ते उठले. लिनक्समधल्या खोट्या घंटेची ही फार थोर बहीण म्हणायची. २४ तारखेच्या यशाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत; साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या संशोधिका तेव्हा जगभर पोचल्या. २२ तारखेच्या ४ सेकंदांचे छायाचित्र कोणाच्या स्मरणात नाही.

उठवण्याचा प्रत्येक प्रयत्न फळतोच असेही नाही. चांद्रयान-३ चे लँडर विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरले. चंद्रावरची रात्र पृथ्वीच्या सुमारे १४ दिवसांएवढी असते. ती येण्याआधी, २ सप्टेंबरला प्रज्ञान या बग्गीला आणि ४ सप्टेंबरला विक्रमला झोपवण्यात आले. प्रज्ञानची बॅटरी पूर्ण भरून ठेवली, सौरपट्ट्या उगवत्या सूर्याकडे केल्या, आणि संदेश ऐकणारा भाग तेवढा चालू ठेवला. हाक ऐकण्यापुरते काहीतरी जागे असावेच लागते. मिटलेल्या लॅपटॉपमध्येही झाकण उघडल्याचे ओळखणारा एक इवलासा भाग जागत असतो. २२ सप्टेंबरच्या सुमारास तिथे सूर्य उगवला. हाका मारल्या गेल्या. उत्तर आले नाही. ठरलेले काम त्यांनी पहिल्याच चांद्रदिवसात पूर्ण केले होते, म्हणून मोहीम यशस्वीच ठरली. पण झोपवताना क्रमात काही उणे राहिले नसले, तरी तिथली थंडी कोणाच्या हजेरीपटात मावणारी नव्हती.

मंगळावर जाण्याचे भाग्य थोड्यांना लाभते. लिनक्सच्या ड्रायव्हरची एक ओळ वर नेण्याचे भाग्य मात्र कोणालाही लाभू शकते, आणि त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची पायरी चढावी लागत नाही. सारी आज्ञावली उघडी आहे. जुना, कोपऱ्यात पडलेला, झाकण मिटल्यावर न उठणारा लॅपटॉप हीच प्रयोगशाळा. मराठी माध्यमातल्या मुलांपुढे एक अडचण मात्र खरी आहे. लिनक्सच्या दस्तऐवजांत अनुवादांचे एक दालन आहे. चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश या भाषांना तिथे जागा आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. नववीतल्या ज्या मुलीला हजेरीपट, आकडा आणि पालक-अपत्य ही सारी कल्पना दोन तासांत समजेल, तिला ती इंग्रजी वाक्यांच्या जाळीतून ओढून काढावी लागते, आणि पुष्कळदा ती समजण्यापूर्वीच हा आपला प्रांत नव्हे असे तिचे मत बनते. पालकांनी हे मत मुलांच्या तोंडून ऐकलेले असेल. त्याचा दोष मुलांकडे जात नाही.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण पुण्या-बंगळुरूला आणि परदेशी याच क्षेत्रात काम करतात. हीरक महोत्सवानिमित्त शाळेला काय द्यावे, अशी विचारणा त्यांच्याकडून वारंवार होते. विजेच्या व्यवस्थेवरच्या त्या एका दस्तऐवजाचा मराठी अनुवाद त्यांनी द्यावा. पहिली अडचण पहिल्याच परिच्छेदात येईल. उपकरणाच्या झोपलेल्या स्थितीला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा रूढ मराठी प्रतिशब्द ‘निलंबित’. तो वाचताच चौकशी चालू असलेला कारकून डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘निद्रिस्त’ म्हणावे, तर गाढ आणि हलक्या झोपेचे निरनिराळे प्रकार आहेत, त्यांना निरनिराळी नावे लागतील. ‘स्थगित’ सभेला लागू पडते. ग्रामीण भागातला शेतकरी पंप तात्पुरता थांबवतो तेव्हा कोणता शब्द वापरतो, बैल बसला पण जू उतरवलेले नाही त्या स्थितीला काय म्हणतात, हे विद्यार्थ्यांनी घरी आजी-आजोबांना विचारून यावे. जमतील ते शब्द वर्गशिक्षकांकडे लिहून द्यावेत.